परिशिष्ट क

टोलेडोच्या न्यायालयात, तिसऱ्या मजल्यावर,
सरोवराचा वारा खिडकीच्या फटीत शीळ घालत असताना
न्यायमूर्ती व्हर्नेल ॲस्क्यूंसाठी मी
एकाच अर्जावर दोन आदेश लिहिले.
साडेतीन पानांचा: अर्ज नामंजूर.
चार ओळींचा: मी या खटल्यातून बाजूला होते.

अर्ज शहराचा, म्हणजे पोलिसांचे वकील हार्टनेगल यांचा.
आवाज सायीसारखा. सोबत परिशिष्ट क:
बाईंचं एका शाळेतलं भाषण, पान सहा.
सव्वीस वर्षांपूर्वीचा जानेवारी, रात्र,
मागच्या सीटवर वाचनालयाची पुस्तकं,
आणि एका पोलिसानं तिला
बॉनेटवर पंजे टेकायला लावले,
हातमोजे काढून.
वीस मिनिटं. मग म्हणाला, जा.
मुलांना तिनं हे हसत सांगितलं होतं.
हसण्याची नोंद कंसात आहे.

ज्याचं जळतं त्याला कळतं, म्हणतात.
हार्टनेगलांचं म्हणणं एवढंच,
की ज्याला कळलं त्यानं निवाडा करू नये.

शेजारच्या दालनातल्या न्या. डेलब्रिजांचे वडील
तीस वर्षं शेरीफ होते.
त्यांच्या नावानं कधी परिशिष्ट निघालं नाही,
हे वाक्य मी दुसऱ्या पानावर घातलं.
बाईंनी ते खोडलं.
"खरं आहे," म्हणाल्या, "पण ते माझं उत्तर नाही."

वादी कॉर्नेलियस गुडलो, बस डेपोतला मेकॅनिक.
गळ्याचं हाड वाकडं जुळलंय,
त्यामुळे कोट एका बाजूनं उतरतो.
बाहेरच्या बाकावर बसायचा,
दार उघडलं की उठून उभा राहायचा,
शिपाई चहाचा कप घेऊन आला तरी.

संध्याकाळी विसरलेला मफलर घ्यायला मी परत गेले.
बाई दिवा न लावता उभ्या होत्या,
दोन्ही तळवे टेबलावर सपाट,
एकेका मसुद्यावर एकेक.
वाचत नव्हत्या.
कुणी हलू नको म्हटल्यासारख्या.
मी मफलर न घेताच निघाले.

सकाळी नोंदणीत तिसराच कागद आला.
हातानं लिहिलेला, दीड पान.
त्या रात्रीची तारीख, रस्ता, थंडी,
पोलिसाचा बिल्ला आठवत नाही हेही.
आणि शेवटी:
जे माझ्याजवळ आहे ते सर्वांसमोर ठेवलं.
अर्ज नामंजूर. सुनावणी मंगळवारी.

हार्टनेगल अपिलात जातीलच.

गुडलोनं प्रत हातात घेतली,
ओळीखाली बोट सरकवत वाचू लागला,
'हातमोजे' या शब्दाशी थांबला,
बराच वेळ तिथंच.
मग मला विचारलं, हळू आवाजात,
"हे असं इथं लिहायची परवानगी असते?"