कडेची लाल रेघ

प्रकाशाच्या बाजारात माझी आई, सुपडाबाई साटोटे,
चिलापीच्या पाठीत पातं घालते आणि थांबते.
पातं अडलं, तर तापीची.
सरसर गेलं, वर तेलाची झिलई राहिली,
तर पिंजऱ्यातली.
"हाऊ बठीसन खायेल शे," म्हणते,
आणि किलोमागे वीस रुपये आपणहून उतरवते.

मला तेच सांगायला तीन दिवस लागतात.
शहाद्याच्या कॉलेजात, मागच्या खोलीत,
दोन्हीकडचं मांस सारखंच वाटून
एकशे पाच अंशांच्या भट्टीत रात्रभर ठेवते.
सकाळी जे हलकं झालं, ते पाणी.
मग सॉक्सलेट. थेंब, थेंब, थेंब.
दुपारी चंबूच्या तळाशी पिवळं कडं उरतं:
नदीच्या माशाचं नखाएवढं,
पिंजऱ्याच्या माशाचं चांगलं बोटभर.
चरबी वाढली की पाणी मागे सरतं,
एका घरात दोघांना जागा नसल्यासारखं.

आईला सांगितलं तर तिने एवढंच विचारलं,
"मंग ते तेल फेकी देतस का तुम्ही?"

भिकन, माझा भाऊ, उकईच्या फुगवट्यावर
त्याच पिंजऱ्यांना दाणा टाकतो, दिवसातून चारदा.
होडीचं इंजिन ऐकलं की मासे
पाण्याला उकळी फुटल्यासारखे वर येतात.
"पळायचं कशाला त्यांनी?" तो हसतो.
पगार सात तारखेला येतो.
दोन वर्षांत त्याचंही पोट सुटलंय.
त्यावर आई काही बोलत नाही,
भाकरी मात्र एकच वाढते.

कातडं सोललं की कडेने एक लाल रेघ दिसते,
शेपटीपर्यंत गेलेली.
बाकीचं पांढरं मांस झडप घालायचं, निसटायचं,
ही रेघ नुसती चालत राहायची.
धारेला तोंड देऊन तासन्‌तास
एका जागी टिकायचं असेल,
तर तेही चालणंच.
नदीच्या चिलापीत ती जाड, काळपट, शिऱ्यासारखी चिवट.
पिंजऱ्यातल्यात पेन्सिलीने ओढून
अर्धवट पुसल्यासारखी.

वहीत दोन रकाने आहेत, नदी आणि पिंजरा.
पहिल्या पानांवर आकडे
एकमेकांना ओळखही दाखवत नव्हते.
यंदाच्या पानांवर ते शेजारी येऊन बसलेत.
मी काटा पुन्हा तपासला.
चंबू पुन्हा धुतले.

परवा आईने घाटाखालच्या जाळ्यातली एक घेतली,
माझ्यादेखत पाण्यातून काढलेली.
पातं घातलं.
थांबली.
परत घातलं, जरा खाली.
चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिने मला विचारलं,
"कोठली शे व, ही?"

मी नदीकडे पाहिलं.
बॅरेजचे दरवाजे बंद होते,
काठाशी शेवाळ, पलीकडच्या देवळाचा कळस
पाण्यात एवढासुद्धा हलत नव्हता.

तिने पातं लुगड्याला पुसलं.
"पानीच बठी गयं," म्हणाली,
आणि भाव लावायचा सोडून
नुसती तराजूची साखळी सोडवत राहिली.