इतर

सप्टेंबर संपायला दोन दिवस. शिनत्येनच्या नवव्या मजल्यावर
मी, चहात उकडलेलं एक अंडं, आणि तिमाहीचे आकडे.
आमचा माल वजनात बसत नाही.
चित्र कापतो, आवाज जोडतो, सिनेमा चालवतो,
आणि विकला गेला की फक्त माझ्या रकान्यांना कळतं.

लॅपटॉपबरोबर जायचा तेव्हा करवलीसारखा जायचा.
वरात दुसरीची, फोटो दुसरीचे,
करवलीच्या ओटीत यंत्रामागे अकरा सेंट.
पण यंत्रं लाखांनी निघायची.
त्या अकरा सेंटांवर आमचे तीन मजले उभे राहिले,
माझ्या मुलाचे दात सरळ झाले.
गेल्या वर्षी कारखान्याने फार नम्रपणे कळवलं:
यापुढे नवरी एकटीच येईल.

ओसाकाचे कुमागाइ-सान अजून खोकी मागवतात.
आत तबकडी नाही, पंचवीस अक्षरांचा एक कागद,
तरी खोकं हवंच, फळीवर ताठ उभं राहणारं.
"गिऱ्हाइकाला काहीतरी हातात घेऊन बघायचं असतं."
शंभर गेली की चाळीस परत.
म्हणून विक्री लिहितानाच मी परताव्याची जागा सोडते,
येतो म्हणालेले सगळे पाहुणे येत नसतात
हे धरून तांदूळ घ्यावेत तशी.
परत आलेली खोकी संध्याकाळी
गाणं वाजवत येणाऱ्या पिवळ्या गाडीत.
एकदा गाडी चुकली, मी पन्नास खोकी कवटाळून
पुढच्या चौकापर्यंत पळाले.

रात्री दोनला कुठेतरी लीमात कुणीतरी
तीस दिवस फुकट वापरून
एकतिसाव्या रात्री चिडतो,
कारण बहिणीच्या लग्नावर आमचं नाव आडवं पडलंय.
कार्डाचे सोळा आकडे. झालं.
हेच त्याने फोनवरून घेतलं
तर दुकानाचा मालक दारातच तीस टक्के काढून घेतो,
उरलेला पैसा माझ्यापर्यंत लंगडत येतो.

आता मिस फांग म्हणतात, रतीब लावा.
थोडं थोडं, दर महिन्याला, कायम.
वर्षाचे पैसे एकदम येतात, बँकेत दिसतात,
आणि तरी आपले नसतात.
मी ते देणं म्हणून लिहिते.
महिना सरला की बारावा हिस्सा आपला.
विक्रीतली पोरं हसतात मला.
हसू देत. मिळणं आणि कमावणं यांच्यामध्ये
दिवस जावे लागतात.

सगळ्यात खाली एक ओळ असते: इतर.
तिच्याकडे कुणी बघत नाही, मीही नाही.
काल बेरीज जुळेना म्हणून उघडली.
दोनशे बारा परवाने.
करार सोळा वर्षांचा, उल्मजवळचा एक छोटा कारखाना,
सोनोग्राफीची यंत्रं बनवणारा.
आतली हलती चित्रं पडद्यावर आणायला
अजून आमचाच जुना प्लेअर, पहिली आवृत्ती,
त्सेंग क्वो-शुन यांनी एकट्याने लिहिलेली.
ते फेब्रुवारीत निवृत्त होणार.
त्यांच्या कोडला सगळे 'म्हातारा' म्हणतात, त्यांच्यासमोरसुद्धा.

मी गेले. ते पपनस सोलत होते.
सांगितलं: दोनशे बारा, याच तिमाहीत.
पोटातलं मूल दाखवतात त्यावर.
सुरी थांबली.
"तक्रार?"
सोळा वर्षांत एकही नाही.
"मग त्यांना नवी आवृत्ती आली म्हणून कळवू नका," म्हणाले,
आणि एक फोड माझ्या हातावर ठेवली. आंबट होती.

अहवालात नावं लिहायला जागा नाही,
ओळ इतर म्हणूनच गेली.
बाकीच्या आकड्यांची मी हजारांत गोळाबेरीज केली.
या एका ओळीत सेंट ठेवले.