रकाना अकरा

फुजैरा विमानतळ, मालवाहतूक, पहाटेचे चार.
कॅप्टन वझलवार टोपी मांडीवर घेऊन बसलेत,
वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखे.
म्हणाले, लिहू नका हं, असंच सांगतो.

एकतीस हजार फुटांवर, डावीकडे,
एक दिवा. लुकलुकत नव्हता.
तीन मिनिटं आमच्या बरोबरीनं आला
आणि मग होता तिथेच नव्हता झाला.
शेजारच्या होसनीनंही पाहिला.
तो म्हणतो, सर, मला दोन मुलं आहेत,
मी काही पाहिलं नाही.

अर्जात रकाना अकरा : पक्षी, फुगा, ड्रोन, पतंग.
पतंग! एकतीस हजार फुटांवर.
खाली 'इतर', बोटभर जागा.

मागच्या वर्षी एकानं त्या बोटभर जागेत खरं लिहिलं.
त्याचे डोळे तपासले, मग झोप, मग डोकं.
सगळं ठणठणीत निघालं.
दिवा कुणी तपासला नाही.

परग्रहाबिरग्रहाचं मला काही ठाऊक नाही.
पण धावपट्टीवर कोल्हा आहे, असं हेच डोळे सांगतात
तेव्हा आमची जीप धावत सुटते ना?

मी पेन उघडलं.
'इतर' भरलं, समास भरला, कागद उलटला.
काय असावं, तुमचा अंदाज?
नाही सांगता येत.
तेच लिहिलं : नाही सांगता येत.

बाहेर समुद्रात नांगरलेले टँकर.
दारात थांबून ते दिवे मोजू लागले, सवयीनं.
सत्तावीस, म्हणाले.
मीही मोजले.
सत्तावीस.