खानोट्याला, भीमेवर

मासा मला कळतो तो मेल्यावर.
कल्ला उचलून लाली बघायची,
पोटावर अंगठा दाबायचा,
खड्डा राहिला तर पुढची पाटी.
सातवी सोडून गणेश पेठेत आईशेजारी बसले
ती अजून उठले नाही.
पाण्यावर जायचे ते बाप, चुलते, भाऊ.
बायांकडे मासा यायचा हिशोबाला.

आज पाटसच्या पुढे उजाडलं.
गाडीच्या टपावर भाच्याची कयाक,
केशरी, प्लास्टिकची, दोरीने आवळलेली.
चहावाल्याने खालून वर बघत विचारलं,
"टाकी कापून केली का?"

ओमराज पुढे, मी मागे.
वल्हं एकच, दोन्ही टोकांना पातं;
उजवं बुडतं तेव्हा डावं
माझ्या मांडीवर पाणी गाळतं.
"आत्या, खांदे सोड. पाण्याशी भांडू नको."
भांडू नको!
तीस वर्षं मी दुसरं काय केलं?

आमचे बाबा गुळाच्या काहिलीत बसून
हीच भीमा ओलांडायचे.
काहिलीला तोंड नसतं,
ती नुसती फिरते, कुणाला काही विचारत नाही.
ह्या केशरी बयेला टोक आहे.
जरा थांबलं की विचारते, कुठे?
मला काय माहीत कुठे.
पलीकडे उसाची लागण, एक मोटर धडधडतेय,
जलपर्णीच्या बेटावर बगळा
माझ्या नणंदेसारखा मान वळवून बसलेला.

कणकेत लसूण मळून आणला होता, तो चिलापीने खाल्ला
आणि गळ रिकामा परत दिला. तीनदा.
मग गांडूळ.
मग बराच वेळ काहीच नाही,
ओमराजची पाठ, टोपीच्या कडेला घाम,
आणि मग दोरा असा खाली गेला
की कुणीतरी हाक मारावी.

वांब. हातभर.
हजार वांबी विकल्यात मी,
पण मेलेला मासा जड असतो,
तो तराजूत गप पडतो.
ही वजन देईना,
नुसता नकार देत होती,
मनगटापासून कोपरापर्यंत.
"सोडायची का, आत्या?" ओमराजने विचारलं,
माझं तोंड बघून.
नाही. ठेवली.
डोळे मात्र तिचे नव्हे, पाण्याचे बघितले.

काठावर तीन दगड, बाभळीच्या काटक्या.
इथून पुढे कुणी मला शिकवायचं नाही.
राख चोळली, बुळबुळ उतरली,
पाठीच्या काट्यांची रांग उलट्या सुरीने काढली.
खोबरं निखाऱ्यावर, लसूण दगडावर,
चिंच भिजत घातलेली, काळं तिखट पुडीत.
मीठ घरी.

तेवढ्यात एक होडी टेकली,
तीन पाट्या चिलापी, आणि वर बसलेला माणूस,
फुलचंद नगरे म्हणाला.
आमच्याकडे बघून हसला,
"सकाळपासनं एवढीच?"
माझा हात आपसूक त्याच्या पाटीत गेला,
कल्ला उचलला.
"पहाटेचा आहे. बर्फ घाला, ऊन लागतंय ह्याला."
तो हसायचा थांबला.
"कुणाच्या तुम्ही?"
तोंडावर बाबांचं नाव आलं होतं.
"गजराबाईची," म्हणाले. "गणेश पेठ."
"मग मीठ विसरून कशा आलात?"
खिशातून पुडी काढली, तंबाखूच्या वासाची.
रश्श्याला तो वास शेवटपर्यंत राहिला.

भाकरी सोलापूर रोडच्या ढाब्यावरची, गार, चिवट.
वांबीचं तेल रश्श्यावर वर आलं,
ओमराजने ताटली बोटाने पुसली,
आणि काटा थुंकताना विचारलं,
"पुढच्या रविवारी?"
गुडघे दुखत होते. बघू म्हणाले.

उद्या सकाळी गिऱ्हाईक पिशवी उघडून विचारेल,
ताजा आहे ना?
रोज म्हणते, उडी मारतोय बघा.
उद्या ते म्हणायच्या आधी
मनगट जरा आठवेल बहुतेक.
मग म्हणेन.
धंदा आहे.