गळालेले

समितीला एका पानात मत हवंय,
घ्यायचं की नाही हे यंत्र:
पाठीला पेटी, मांड्यांना पट्टे, गुडघ्यांत मोटारी,
आठ आठवड्यांसाठी उसनं आलेलं, बांबोळीच्या तळमजल्यावर.
खरेदीचा कागद आधीच टाइप झालाय,
फक्त तारीख आणि माझी सही रिकामी.

म्हणून रात्री निबंध वाचते.
एकोणीस निघाले, चाळून उरले सात.
एकात माणसं अकरा. एकात नऊ,
आणि तुलनेला कुणीच नाही.
जे चालले ते कशाने चालले कोण सांगणार,
यंत्राने, की रोज तासभर कुणीतरी
त्यांच्या पायांकडे बघत होतं म्हणून?
एकात चिठ्ठ्या टाकल्या म्हणतात.
कुणी टाकल्या, कुठल्या डब्यात, लिहिलेलं नाही.
मोजणाऱ्याला ठाऊक होतं कोण लोखंडातून उतरलाय.
शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात, आभार:
यंत्र बनवणाऱ्यांचे.

वेग वाढला म्हणे, सेकंदाला काही सेंटीमीटर.
पण त्या आकड्याच्या दोन्ही अंगांना जी शक्यता पसरलीय
तिचं एक टोक दिवाडीला, दुसरं जुन्या गोव्याच्या धक्क्याला,
आणि मधे शून्य,
फेरीबोटीसारखं ये-जा करणारं.

रुझार पाडेली.
माडावरून पडला त्याला दोन वर्षं झाली.
पहिल्या दिवशी पट्टे आवळून उभा केला
तर त्याने आधी खिडकीबाहेर बघितलं.
इतक्या उंचावरून खूप दिवसांनी, म्हणाला.
दहा मीटर चालला. मोटारी कुरकुरल्या,
कंपनीच्या पोराने व्हिडिओ घेतला,
टाळ्या वाजल्या.
मीही वाजवल्या, लपवून काय करू.

त्याला सात निबंधांचं सांगितलं, जमेल तितक्या सोप्या भाषेत.
त्याने ऐकलं, बोटाच्या पेराने
टेबलावर टकटक केलं, शहाळं वाजवून बघतात तसं.
"एका नाल्लान माड कळना, बाय," म्हणाला.
मग बऱ्याच वेळाने:
"पूण हांव एकूच न्हय?"

पाचव्या आठवड्यात तो आला नाही.
सहाव्यातही नाही.
नोंदवहीत एक रकाना असतो: गळालेले.
निबंधांतही असतो. गळालेले सहा. गळालेले चार.
कारण दिलेलं नाही.
मी त्यावरून किती सहज पुढे गेले होते, पान उलटून.

रविवारी दिवाडीला गेले.
ओहोटी होती. फेरीची फळी
धक्क्याच्या शेवाळावर तिरकी आपटली,
स्कूटरवाले पाय टेकत, घसरत उतरले.
रुझार ओट्यावर झाडूसाठी हीर काढत बसलेला,
मांडीवर चुडतं, सुरी जुनीच, कमरेची.
मुलीला हॉटेलात दुपारपाळी लागली, म्हणाला,
आणि खुर्ची या उतारावर ढकलायला दोघं लागतात.
मग हसत विचारलं,
तुमचं मशीन येईल का या धक्क्यावरून?
पुस्तिकेत लिहिलंय: सपाट, कोरडी जमीन.
मी चहा मागितला.

परतताना पावलं मोजली.
त्याच्या ओट्यापासून रस्त्याला चौदा, दोन पायऱ्या धरून;
धक्क्यावरून फेरीत सव्वीस, ओहोटीला.
सातांपैकी एकाही निबंधात हे अंतर नाही.

एका पानात मत:
पुरावा कमी प्रतीचा.
चालत नाही असं म्हणत नाही, माहीत नाही असं म्हणते.
या दोहोंतलं अंतर समितीने कृपया स्वतः चालून बघावं.
हे शेवटचं वाक्य खोडलं.
खाली लिहिलं:
गळालेला एक.
कारण: फेरी, ओहोटी, मुलीची दुपारपाळी.

सही केली.
तारीख त्यांची त्यांनी घालावी.