गाळलेल्या जागा

वाऱ्यानं आजची फेरी रद्द केली.
सामुद्रधुनीवर फेसच फेस,
तिकीटखिडकीत माझा पुठ्ठ्याचा फलक: आज बोट नाही.
पोर्वेनीरमध्ये अशा दिवशी
लोक पाव भाजतात, नाहीतर भांडतात.
मी कोरी फाईल उघडते.

भाचा अनानियास, वय सोळा, पलीकडे पुन्ता आरेनासला.
फोनवर शिकवतो, तोंडात काहीतरी चघळत:
"तिया, तू काही रंगवायचं नाहीस.
फक्त सांगायचंस, आधी काय, मग काय.
यंत्र तुझं शब्दशः ऐकतं.
आपल्या घरात तसं कुणी नाही."

पहिली ओळ: फाईल कुठे आहे.
दुसऱ्या ओळीत एक स्वल्पविराम राहिला
आणि काळ्या खिडकीत लाल अक्षरं.
एकोणीस वर्षं तिकिटं फाडतेय,
एकाही उतारूनं इतक्या सभ्यपणे,
ओळीच्या क्रमांकासकट,
माझी चूक सांगितली नव्हती.

मग वीण उसवायची.
जपानहून मागवलेल्या जुन्या डिस्कवर
चित्रात चित्र गुंफलेलं:
विषम ओळी एका क्षणाच्या, सम ओळी दुसऱ्या.
मुलगी हात हलवते
आणि तिच्या बोटांना फणीचे दात फुटतात.
धागा सापडेपर्यंत तीन रात्री गेल्या.
ओढला, तशी सेकंदाला तीसची चोवीस झाली,
तिचा हात पुन्हा हात झाला.
मी स्वयंपाकघरात एकटीच टाळ्या वाजवल्या.

कडा कापायच्या त्या सम संख्येतच,
कारण चार ठिपक्यांत रंग एकच,
एका चुलीवरच्या चार बिऱ्हाडांसारखा.
आधी सफाई, नंतर धार.
आधी धार दिलीस तर घाणीलाही धार येते.
हे मात्र कुणी शिकवायला नको होतं,
मी तीन भावांत वाढले.

मग हाव सुटली.
ही चाळण, ती गाळणी,
एकीखाली एक अशा सात लावल्या.
चित्र साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत.
पंधराव्या भागात ती पुलावरून जाते,
बर्फ पडत असतो.
माझ्या प्रतीत पडत नव्हता.
ती नुसतीच खांदे आकसून चालत होती,
विनाकारण,
स्वच्छ, निर्दोष हवेतून.

गाळणीला काय कळणार?
या चित्रात आहे, पुढच्यात नाही, म्हणजे डाग.
तिचा हिशेब चुकला नव्हता.

चौदा वर्षांची असताना हाच भाग
दोन्या एदुविहेसच्या टीव्हीवर पाहिला होता.
अँटेना वाऱ्यात, पडद्यावर इतक्या मुंग्या
की बर्फ कुठला, मुंग्या कुठल्या, कळेना.
आम्ही दोघींनी सगळंच बर्फ धरलं.
म्हातारीनं तर मांडीवरची शाल वर ओढून घेतली.

सातांतल्या पाच खोडल्या.
सहावीचा जोर चारावरून एकावर.
तेव्हा कुठे दोन-दोन पाकळ्या उतरू लागल्या.

राहिलं रात्रीचं आकाश.
निळ्याला पायऱ्या पडलेल्या, जिन्यासारख्या.
उपाय म्हणे, थोडी धूळ परत टाकायची.
इतकं झाडून झाल्यावर? मोजून? मुद्दाम?
मी दोनदा विचारलं, तो दोनदा हो म्हणाला.
टाकली.
जिना गेला, आकाश राहिलं.

अकरा तास संगणक घुरघुरला.
त्याच्या उबेत पाय ठेवून मी झोपले.
सकाळी निरोप:
"चित्र अठरा हजार दोनशे चार,
डाव्या कोपऱ्यात केस."

आहे खरा.
रंगवणाऱ्या कुणाचा, की ब्रशाचा,
एका चित्रापुरता चिकटलेला.
तो काढायची एक ओळ असते,
मला आता येते ती.

वारा पडलाय. दहाची बोट सुटणार.
पुठ्ठा उलटा करते, मागे लिहिलंय: आज बोट आहे.
खिडकीपाशी रांग, पहिल्याच्या हातात ओली कोंबडी.
केसाचं संध्याकाळी बघू.