एकशे तीस मीटर

वायदोतास दर शनिवारी येतो.
काठी भिंतीला टेकवतो, टोपी गुडघ्यावर ठेवतो
आणि हवामान विचारावं तसं विचारतो :
दांगुओले, मग पुढं काय झालं?

त्याला आठवतं ते लिंडनच्या रांगेवरून येणं,
डाव्या पंखाखालचं तळं,
कुंपणाशी पोरं, त्यांच्या हातात
बिटाच्या गुलाबी सुपाचे कागदी पेले.
मग थेट इस्पितळाचं छत, त्यावर गळतीचा डाग.
मधले अकरा सेकंद त्याच्याकडं नाहीत.
ते माझ्याकडं आहेत.

मी सांगते.
तू विमान उताणं केलंस
आणि ते क्षणभर तसंच राहिलं, आभाळाला पोट दाखवत,
उन्हात लोळणाऱ्या कुत्र्यासारखं.
लोक हसले.
मग तू नाक खाली ओढलंस,
तो अर्धा गोल काढायला,
जो तू झोपेतही काढला असतास.
इंजिन शेवटपर्यंत चालू होतं. हे मी दर वेळी सांगते.
रिमगाउदासनं नंतर ते उघडलं, नट न् नट पाहिला,
सगळं जागच्या जागी,
तेव्हा तो हँगरच्या मागं जाऊन रडला,
सुटल्यासारखा.

राय कापणीला आली होती.
आधी राय वाकली. मग चाकं गेली.
मग (इथं तो डोळे मिटतो)
एक कोलांटी, जी कार्यक्रमात नव्हती.
आवाज उशिरा आला,
लांब कुणी लाकडी दार आपटावं तसा, एकदाच.
खांबावरचा करकोचा उडाला नाही.
हे कुणाला पटत नाही, पण नाही उडाला.
मान वळवली, पाहिलं,
आणि परत पिलांच्या चोचीत काहीतरी घालू लागला.

अजून दहा मीटर असते, तर तू
राईची कणसं चाकांना लावून वर आला असतास
आणि आम्ही टाळ्या वाजवल्या असत्या.

एवढं सांगून मी चहा ओतते.

जे सांगत नाही ते वहीत आहे.
चौदा वाजून सहा मिनिटं. हवेचा दाब कळवला.
निळी शाई, माझं अक्षर,
मास्तरणीचं, गोल गोल.
तो समुद्राकाठच्या धावपट्टीवरून आला होता,
उंचीचा काटा तिथल्या वाळूवर शून्याला लावून.
आमचं गवत त्या वाळूहून एकशे तीस मीटर वर.
तीस वर्षं मी भूगोल शिकवला.
उंची कशापासून मोजायची, हे न सांगता
जो नुसता आकडा लिहील त्याला अर्धाच गुण,
असा माझा नियम होता.

मी दाब सांगितला. त्यानं तो परत म्हणायचा असतो.
रेडिओत खरखर झाली.
खरखर म्हणजे हो, असं मी धरलं.
कुणाचं तरी पोर मेजाखाली शिरून वायरी ओढत होतं,
एका हातानं त्याची कॉलर धरून
दुसऱ्या हातानं मी लिहिलं : कळवला.

चौकशीला आलेल्या बाईंनी पानाचा फोटो घेतला.
म्हणाल्या, नोंदी छान ठेवता हो तुम्ही.
मी त्यांना मधाची बरणी दिली.
का दिली, कोण जाणे.

आज त्यानं पुढचं विचारलं नाही. मागचं विचारलं.
त्याच्या आधी मी काही बोललो होतो का, रेडिओवर?

किटलीचं झाकण थडथडत होतं.
खरखर, मी म्हणाले. नुसती खरखर.

किती वाजता?

चौदा सहा.

त्यानं बोटांवर काहीतरी मोजलं,
तळ्याकडं पाहिलं, जिथं आता काहीच उडत नव्हतं.
टोपी घातली. काठी उचलली.
मग ती पुन्हा भिंतीला टेकवली
आणि पेला पुढं केला.